कार्ड हातातनं सोडू नका, पिन तोंडातनं काढू नका

श्रावणातल्या एका रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गारगोटीकडचे एक काका दोन लेकींना घेऊन आले होते. थोरलीचं लग्न ठरलेलं, धाकटीला कापशी धाटणीची कोल्हापुरी चप्पल पाहिजे होती, आणि काकांनी स्वतःसाठीही एक जोड बाजूला काढून ठेवला होता. बिल झालं 3,450. काकांनी बंडीच्या आतल्या खिशातनं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी मशीन त्यांच्यापुढं सरकवलं, तर ते दोन पावलं मागं सरले आणि शेताच्या बांधावरनं हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "तुमीच दाबा वैनी." आणि पिनचे चारही आकडे सांगून मोकळे झाले.

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, पायरीवर दोघंजण चपला घालून बघत होते. सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "काका, हा आकडा असा बोलायचा नसतो." तर म्हणाले, "तुमच्यावर इस्वास हाय की." त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या बँकेचं एटीएम कुठं आहे ते सांगून पिन आजच्या आज बदलायला लावला. थोरल्या लेकीला ते जमत होतं, म्हणून बरं झालं.

आमचं दुकान कोल्हापुरात, चप्पल लाइनीत आहे. नोटाबंदी झाली त्याच्या पुढच्या महिन्यात, म्हणजे 2016 च्या डिसेंबरात, आम्ही कार्डाचं मशीन घेतलं. तेव्हापासून काउंटरच्या या बाजूनं मी रोज बघते माणसं कार्ड कसं हाताळतात ते. कोण पिन मोठ्यानं सांगतं, कोण कार्डाच्या पाकिटावर लिहून आणतं, कोण कार्ड माझ्याकडं देऊन समोर चहा प्यायला जातं. मी बँकेतली नाही. पण आमच्याच घरातनं एकदा 63,500 रुपये गेले, आणि त्यानंतर बँक, पोलीस, नियम यांच्यामागं फिरताना जे कळलं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते.

आधी ते कसं गेलं ते सांगते, कारण आपल्याकडं बहुतेक वेळा असंच जातं.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं निवृत्त झालेले. चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा झाली की ते स्वतः चालत जाऊन पैसे काढून आणायचे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते एटीएममध्ये गेले. कार्ड दोनदा घातलं, मशीननं घेतलं नाही. मागं पांढऱ्या शर्टातला, टोपी घातलेला एक पोरगा उभा होता. "आजोबा, चिपवर धूळ बसलीया, द्या इकडं," म्हणाला. कार्ड घेतलं, स्वतःच्या शर्टाला पुसलं, मशीनमध्ये घातलं. "टाका आता पिन." मामंजींनी त्याच्यासमोरच टाकला. पोरग्यानं बाजूचं एक बटण दाबलं, व्यवहार रद्द झाला. "मशीनमध्ये पैसं न्हाईत आजोबा, पलीकडच्यात जावा," असं म्हणून त्यानं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि दार उघडून धरलं.

तेच रंग, त्याच बँकेचं कार्ड. फक्त ते मामंजींचं नव्हतं.

ऊन होतं म्हणून मामंजी पलीकडच्या एटीएममध्ये गेलेच नाहीत. घरी आले, चहा घेतला, पेपर वाचत बसले. फोन सदऱ्याच्या खिशात, आवाज बंद. 11:26 पासून मेसेज यायला लागले. दहा हजार, परत दहा, परत दहा, परत दहा. मग 11:58 ला कुठल्याशा मोबाईलच्या दुकानात 23,500 ची खरेदी. आम्हाला कळलं पावणेएकला. माझा धाकटा तेव्हा तिसरीत होता, इंग्रजी अक्षरं लावून वाचायची नवी हौस. टेबलावरचं कार्ड उचलून वाचायला लागला आणि म्हणाला, "आबा, हे कुठल्या बाईचं कार्ड आहे?"

त्या 63,500 मधला एक रुपया परत आला नाही. पोलिसांत तक्रार दिली, कॅमेऱ्यात टोपी दिसली, चेहरा दिसला नाही. मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. "मी माझ्या हातानं दिलं," एवढंच परत परत म्हणत होते.

मला यातनं जे समजलं ते असं. त्या पोरानं कुठलीही यंत्रणा फोडली नाही. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला हात द्यायची रीत आहे, आणि कुणी मदतीला आलं तर नको म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. तेवढ्यावरच त्यानं काम केलं. म्हणून पहिली शिकवण तिथलीच: एटीएमच्या खोलीत अनोळखी माणसाची मदत घ्यायची नाही, कितीही गोड बोलला तरी. वाक्य आधीच पाठ करून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. आम्ही मामंजींना शिकवलंय: "राहू दे बाळ, मुलगा बाहेर उभा आहे." मुलगा बाहेर असो नसो. एवढं म्हणायचं, कार्ड खिशात घालायचं आणि बाहेर पडायचं. मशीन चालत नसेल तर बँकेच्या वेळेत बँकेच्या आवारातल्या एटीएमला जायचं, तिथं निदान आत जाऊन विचारता येतं.

दुसरं, कार्ड क्षणभर जरी दुसऱ्याच्या हातात गेलं तरी परत घेताना बघायचं. पूर्वी कार्डावर नाव असायचं, आता खातं उघडल्याबरोबर हातात मिळतात ती बरीचशी कार्डं बिननावाची असतात. मग शेवटचे चार आकडे तेवढे पाठ असावेत. मी मामंजींच्या नव्या कार्डाच्या एका कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, चिप आणि मागची काळी पट्टी सोडून. त्यांना चष्म्याशिवायही तो दिसतो.

पिन कसला ठेवावा

पिन चार आकडी असतो, म्हणजे 0000 ते 9999 असे दहा हजार पर्याय. सहसा तीनदा चुकला की कार्ड त्या दिवसापुरतं अडकतं. म्हणजे चोराला अंदाज करायला तीनच संधी. पण पाकीटच गेलं असेल तर त्यात आधार असतं, लायसन असतं, त्यावर जन्मतारीख असते. पहिल्या झटक्यात तो जन्मसाल टाकणार, दुसऱ्यात तारीख आणि महिना. तिसऱ्यात गाडीचा नंबर.

गाडीच्या नंबरावर मी मुद्दाम थांबते, कारण कोल्हापुरात हे फार आहे. एमएच 09 च्या पुढचे चार आकडे हाच पिन. गाडी एटीएमच्या दारात लावलेली असते आणि पिन तिच्या पाटीवर रंगवलेला असतो. तसंच 1674 आणि 1874. शिवराज्याभिषेकाचं साल आणि शाहू महाराजांचं जन्मसाल आपल्या काळजात असतं, मान्य आहे, पण चोर इथलाच असला तर त्यालाही ही सालं पाठ असतात. मोबाईलचे शेवटचे चार आकडे, 1234, 1111, पोराची जन्मतारीख, हे सगळं सोडून द्या.

मी काय करते ते सांगते, माझा आकडा न सांगता. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा दोन जुन्या आठवणींतले दोन-दोन आकडे जोडते. पाचवीतला हजेरी नंबर आणि माहेरच्या चाळीतला खोली नंबर, अशा धर्तीवर. कुठल्या कागदावर ते आकडे सापडत नाहीत आणि मला विसरायला होत नाहीत. एटीएमचा पिन एक आणि मोबाईलवरनं पैसे पाठवायचा पिन वेगळा, हेही ठेवा.

लिहून ठेवायचाच असेल तर निदान कार्डाजवळ नको. आणि फोनमध्ये "बँक मामा" असं नाव घालून नंबराच्या शेवटी पिन लपवायची युक्ती आता सगळ्यांना ठाऊक आहे, चोरांना तर आधीपासूनच.

घरातल्या पोराला, पुतण्याला "जा रे, दोन हजार काढून आण" म्हणून कार्ड आणि पिन देऊन पाठवतो, त्याबद्दल वाईट वाटतं पण लिहायलाच हवं. पोरगं चांगलंच असतं. पण ते एटीएमच्या बाहेरनं फोन लावून मित्रांच्या घोळक्यात विचारतं, "काकी, पिन काय म्हणालीस?" आणि काही झालं तर बँक म्हणते, पिन तुम्ही दुसऱ्याला दिला होता. ज्यांना स्वतः जाणं होत नाही त्यांच्यासाठी एक वेगळं छोटं खातं काढा, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे टाका आणि त्याचंच कार्ड घरात फिरू द्या.

याच कारणानं शेतकऱ्यांनाही सांगेन. ज्या खात्यावर ऊसबिलाची रक्कम एका दमात येते, त्या खात्याचं कार्ड रोजच्या पाकिटात ठेवू नका. दुधाचं बिल दर दहा दिवसाला थोडं थोडं येतं, त्या खात्याचं कार्ड वापरायला ठीक. ऊसबिलाचं कार्ड कपाटात असू दे.

मशीनपुढं उभं राहिल्यावर

पिन दाबताना हात कसा धरायचा ते मी गिऱ्हाइकांना करून दाखवते. देव्हाऱ्यातनं तुळशीपर्यंत निरांजन नेताना वाऱ्यानं विझू नये म्हणून आपण तळवा आडवा धरतो ना, तसाच डावा तळवा बटणांवर छपरासारखा धरायचा. अंगठा मशीनला टेकलेला, बोटं आपल्याकडं वाकलेली. मागच्या माणसापासून झाकलं की झालं असं वाटतं, पण चोरटा कॅमेरा बहुतेक वरच्या बाजूला चिकटवलेला असतो, म्हणून छप्पर पाहिजे.

कार्ड घालायच्या खाचेला आधी हात लावून हलवून बघा. वर बसवलेलं खोटं तोंड असेल तर ते डुगडुगतं, रंग थोडा वेगळा असतो, कडेला डिंक दिसतो. बटणांची पाटी उंच वाटली, रबरासारखी दबली, तर कार्ड घालूच नका. अशा खोट्या तोंडातनं कार्डाच्या मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती उतरवून घेतात आणि कोऱ्या कार्डावर भरतात. 2018 अखेर नुसत्या पट्टीची जुनी कार्डं बदलून चिपची कार्डं द्यायला रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना लावलं ते यामुळंच. चिपची नक्कल करणं फार अवघड. पण काळी पट्टी अजून कार्डामागं आहे, म्हणून खाच बघायची सवय सोडायची नाही.

नकली कार्डाची गोष्ट लांबची वाटत असेल तर आठवून बघा. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि नकली कार्डांनी देशात आणि परदेशात पैसे काढले. एकूण 94 कोटींचा दरोडा. त्यातले काही पैसे आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधनं निघाले होते. तिथं कुणा खातेदारानं पिन सांगितला नव्हता. म्हणजे कार्ड खिशात असतानाही पैसे जाऊ शकतात, आणि तेव्हा नियम पूर्ण आपल्या बाजूनं असतो. त्याकडं पुढं येते.

पैसे मोजल्याचा आवाज आला आणि नोटा बाहेर आल्या नाहीत, तर लगेच निघून जाऊ नका. नोटा बाहेर पडायच्या फटीत आतनं पट्टी लावून पैसे अडकवतात आणि आपण गेलो की काढून घेतात. तिथंच उभं राहून बँकेला फोन करा, एटीएमचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. खरंच मशीनचीच चूक असेल आणि खात्यातनं पैसे वजा झाले असतील, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला पाहिजेत. त्यापुढं दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती न मागता द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे.

पण फोन कुठल्या नंबरला? एटीएमच्या काचेवर कागदाचा तुकडा चिकटवून "मदतीसाठी" म्हणून मोबाईल नंबर लिहिलेला असतो, त्याला नाही. इंटरनेटवर शोधून पहिला मिळाला त्यालाही नाही. कार्डाच्या मागं छापलेला नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या एकाच्या फोनमध्येही. कारण कार्ड गेलं की मागचा नंबरही त्याच्याबरोबर जातो. आम्ही त्या दिवशी तो नंबर शोधण्यातच सात मिनिटं घालवली.

दुकानात, हॉटेलात

इथं मी दुकानदार म्हणून बोलते. कार्ड डोळ्यांआड जाऊ देऊ नका. हॉटेलात पोरगा बिलाच्या वहीत कार्ड घालून आत घेऊन जातो, त्याला सरळ म्हणा, "मशीन इकडं आण." बिनतारी मशीन असतंच, कंटाळा तेवढा असतो. पेट्रोल पंपावर गाडीत बसून कार्ड आणि पिन देणारे रोज दिसतात. उतरा आणि स्वतः दाबा. पिन दाबायच्या आधी पडद्यावरची रक्कम वाचा, एक शून्य जास्त पडलेलं डोळ्याला पटकन कळत नाही.

कार्ड नुसतं मशीनला टेकवून 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, 2021 च्या जानेवारीपासून. म्हणजे असं कार्ड हरवलं तर पिन ठाऊक नसलेला माणूसही दुकानात ते वापरू शकतो. तुम्हाला त्याची गरज नसेल तर ही सोय बंद करून टाका.

आणि दुकानदार बंधू-भगिनींना एक सांगायचंय. आमच्या दुकानातला कॅमेरा गल्ल्यावर रोखलेला होता, चोरी होऊ नये म्हणून. मामंजींचं प्रकरण झाल्यावर एका रात्री मी सहज जुनं चित्रण लावून बघितलं. एका गिऱ्हाईक बाईंची बोटं मशीनवर कुठं पडतात ते त्यात स्वच्छ दिसत होतं. चारही आकडे मी वाचू शकले. अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून कॅमेऱ्याचा कोन बदलून घेतला आणि मशीनसाठी काउंटरवर तीन बाजूंनी आडोसा करून घेतला, चपलांच्या खोक्याच्याच पुठ्ठ्याचा. तुमच्याही दुकानातलं चित्रण एकदा लावून बघा. गिऱ्हाईक पिन दाबताना मी तोंड फिरवते, आणि माझ्याकडच्या पोरींनाही तेच शिकवलंय.

फोनवरची माणसं

यावर सगळीकडं बोललं जातं, म्हणून थोडक्यात. बँक फोनवर पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे कधीच विचारत नाही. विचारलं की फोन ठेवायचा, वाद घालायचा नाही. कार्ड बंद होणार, केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं द्यायची राहिली, पेन्शन थांबणार, अशी घाई लावली की ओळखायचं. आता हे लोक आपल्या बोलीत मराठी बोलतात, म्हणून भाषेवर भरवसा ठेवू नका. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. आत बसून तुमचे मेसेज वाचतं, ओटीपीसकट.

कार्डाचा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, घरच्यांनाही व्हॉट्सॲपवर नको. कारण मोबाईलवरच्या यूपीआयचा नवा पिन तयार करायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-साल लागतं, आणि ओटीपी. पहिल्या दोन गोष्टी फोटोत असतात. राहिला फक्त ओटीपी.

मला स्वतःला एकदा फोन आला होता. "बेळगावच्या छावणीतनं बोलतोय, जवानांसाठी साठ जोड पाहिजेत, पैसे आगाऊ पाठवतो." आपल्या जिल्ह्यात घरटी कुणीतरी सैन्यात, लष्कराचं नाव काढलं की मान आपोआप खाली जाते. त्यानं चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्याकडं येतील. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, फक्त जाण्यासाठी लागतो. हे मला ठाऊक होतं म्हणून वाचले. साठ जोडांच्या आशेनं बोट मात्र क्षणभर पुढं गेलं होतं.

आज संध्याकाळी करायचं काम

बँकेचं ॲप उघडा, नाहीतर शाखेत जाऊन अर्ज द्या. 2020 पासून प्रत्येक बँकेला कार्डाचे प्रकार वेगवेगळे चालू-बंद करायची सोय द्यावी लागते: एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन खरेदी, टेकवून द्यायचे पैसे, परदेशातला वापर. मामंजींच्या कार्डावर आम्ही एटीएम सोडून सगळं बंद केलंय आणि रोजची मर्यादा 10,000 वर आणलीय. तेव्हा असं असतं तर चोराच्या हाती 63,500 च्या जागी 10,000 लागले असते. या एका कामाला दहा मिनिटं पुरतात. मला विचाराल तर या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे.

मेसेज ज्याच्या फोनवर जातात तो नंबर खातेदाराच्या जवळचा पाहिजे. बऱ्याच घरांत म्हाताऱ्यांच्या खात्याला पुण्यातल्या मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि तो मीटिंगमध्ये असतो. मामंजींच्या फोनवर बँकेच्या मेसेजला आता सायकलच्या घंटीचा आवाज लावलाय, घरभर ऐकू येतो.

पैसे गेलेच तर

घाबरायला, एकमेकांना दोष द्यायला नंतर वेळ मिळतो. आधी कार्ड ब्लॉक करा, ॲपवरनं किंवा मागच्या नंबरवर. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. मग लगेच 1930 ला फोन करा, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार घालता येते. पैसे दुसऱ्या खात्यात गेले असतील तर तिथून पुढं निघायच्या आत ते अडवता येतात, म्हणून मिनिटं महत्त्वाची. रोख काढून नेलेले पैसे मात्र असे अडवता येत नाहीत, आमचं तेच झालं. त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्यावर शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.

आता नियम. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात तो आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही लागू झाला. आपल्याकडं निम्म्या लोकांची खाती सहकारी बँकांत, म्हणून हे मुद्दाम सांगते. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, मधल्यामध्ये कुणीतरी पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. कामकाजाच्या चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 तुमच्या अंगावर, आणि शून्य शिलकीच्या मूलभूत खात्यावर 5,000. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणं. चूक बँकेचीच असेल तर तुम्ही कधीही कळवा, नुकसान बँकेचं.

आणि पिन तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. पण कळवल्या क्षणापासून पुढं जे जाईल ते बँकेचं. म्हणून वेळ लिहून घ्या म्हटलं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यावर जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल द्यायचा, असंही त्यात आहे. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर शांतपणे परिपत्रकाची तारीख सांगा. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं विनामूल्य तक्रार करता येते. त्याची माहिती 14448 या नंबरवर मिळते.

मामंजींच्या बाबतीत पिन त्या पोरासमोर टाकला होता, तोही त्याच्या हातून कार्ड घातल्यावर, आणि कळवेपर्यंत सगळे पैसे गेलेले होते. म्हणून आम्हाला काही मिळालं नाही. पण ते आता परत स्वतः एटीएमला जातात, मी मुद्दाम जाऊ देते. दर महिन्याला बाहेर पडताना एकदा कार्डावरचा लाल ठिपका बघतात.

एक राहिलंच. नवं कार्ड आलं की जुनं तसंच ड्रॉवरमध्ये पडून राहतं, नाहीतर पोरं खेळायला घेतात. कात्रीनं आधी चिपच्या बरोबर मधोमध कापा, मग काळ्या पट्टीचे आडवे तीन-चार तुकडे करा, मग आकड्यांचे. सगळे तुकडे एकाच दिवशी एकाच डब्यात टाकू नका. आमच्याकडं चामडं कापायची रापी असते, तिनं ते एका दमात होतं.